आईचे अळणी सोमवार

मला बायपोलर डिसऑर्डर आहे, असं डॉक्टर मॅडम सांगत होत्या तेव्हा मी त्यांना त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या कशा मांडायला हव्यात ते समजावून सांगत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कागद-पेन देऊन खुर्च्यांचा नकाशाही काढू दिला. मग तो कागद बाजूला ठेवून त्या माझ्या आई-बाबांकडे वळल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. मला भयंकर राग आला. आजार म्हणे माझा, आणि सांगतायत यांना!

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आता सव्वीस. हे लिहितेय ते त्या वेटिंग रूममध्ये आज बसलेल्या कुणासाठी तरी. विशेषतः ज्यांच्या खिशात गोळ्यांची पट्टी आहे आणि ती घ्यायची नाही असं ज्यांनी मनाशी पक्कं केलंय, त्यांच्यासाठी. मी तुमच्यातलीच आहे. उपदेश करणार नाही, निदान प्रयत्न तरी करेन.

मॅडम म्हणाल्या, "ही आत्ता मेनियात आहे." मेनिया म्हणजे मनाला आणि अंगाला गरजेपेक्षा जास्त वेग येणं. माणूस दोन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. डोक्यात एकावर एक योजना येतात आणि प्रत्येक योजना जगातली सगळ्यात भारी वाटते. दुसरं टोक डिप्रेशनचं, म्हणजे नैराश्याचं. मधल्या काळात माणूस अगदी चारचौघांसारखा. मॅडमनी सांगितलं की हा आजार मधुमेहासारखा ताब्यात ठेवता येतो, पण औषध नेमानं घ्यावं लागतं.

आईनं एकच विचारलं, "मंग बाधा-बिधा नाय ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग व्हईल बरी," असं म्हणून आईनं पदरानं तोंड पुसलं.

आता त्याआधीच्या आठवड्यात काय झालं होतं ते सांगायला हवं. आमचं मूळ गाव उरणच्या बाजूचं. आजोबा मिठागरात राबायचे, बाबाही लग्नापर्यंत तिथेच होते. मग जमीन गेली, खाडी बुजली, आम्ही करंजाड्यात फ्लॅटमध्ये राहायला आलो. आजोबांच्या मिठागराच्या जागी आता कंटेनर यार्ड आहे. मी कळंबोलीला ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात गाड्यांची कागदपत्रं बघते, त्यामुळे त्या यार्डाचं नाव रोज माझ्या हाताखालून जायचं. इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र मला साक्षात्कार झाला की ते मिठागर परत सुरू करायचं आणि ते मीच करायचं.

एका सकाळी ऑफिसला न जाता मी स्कूटी थेट यार्डावर नेली. गेटसमोर उभी राहिले आणि आत येणाऱ्या ट्रेलरला हात दाखवला. "गाडी मागे घ्या, इथे पाणी सोडायचंय!" ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तेव्हा त्याचा बंपर माझ्यापासून हातभर लांब होता. मला भीती वाटली नाही. मेनियात भीती रजेवर गेलेली असते, हे मला नंतर कळलं.

वॉचमननं माझ्या फोनवरून घरी फोन लावला. बाबा रिक्षानं आले. माणसं जमली होती, कुणी मोबाइल काढून शूटिंग करत होतं. बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "चल बाय, आता भरती नाय. पाणी उद्या सोडू."

मिठागरात पाणी भरतीलाच घेतात, त्यामुळे कारण मला पटलं. मी निमूट रिक्षात बसले.

पनवेलच्या एका हॉस्पिटलात मी चौदा दिवस होते. पहिले काही दिवस झोपेच्या औषधांच्या गुंगीत गेले. मग लिथियम सुरू झालं. लिथियम हे मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मनाचे चढउतार आवरून धरणारं औषध. ते सुरू करण्याआधी किडनी आणि थायरॉइडची तपासणी झाली. सुरू केल्यावर सीरम लिथियम लेव्हल, म्हणजे रक्तात लिथियम किती आहे ते पाहणं. त्यासाठी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतात. सकाळची गोळी घेऊन गेलात तर परत पाठवतात. मला दोनदा पाठवलंय.

मॅडमनी समजावलं, "लिथियम म्हणजे तसं बघितलं तर एक क्षार. आपल्या मिठाचा चुलतभाऊ म्हणा. रक्तात कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर त्रास. मधली पट्टी सांभाळायची."

तोवर बाबा फरशीकडे बघत बसले होते. मिठाचं नाव निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. गर्दीत गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

घरी आले. योजना विरून गेल्या, झोप परत आली. आणि माझी कुरकुर सुरू झाली. बोटांना बारीक कंप आला, चहाचा कप बशीत वाजायचा. तहान इतकी की ऑफिसात माझ्या टेबलावर दोन बाटल्या. चेहरा भरला, जुन्या कुर्त्यांनी साथ सोडली. हे सगळं मॅडमना सांगायचं असतं, त्यावर काही ना काही करता येतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर त्या उपाय करतील आणि मग गोळ्या बंद करायला माझ्याकडे कारण उरणार नाही!

घरचा कारभार वेगळाच. आईनं गोळ्यांच्या पट्ट्या सुक्या जवळ्याच्या डब्यामागे लपवल्या होत्या. माझ्यासाठी स्थळं बघायची होती ना. एकदा शेजारच्या पाटीलकाकूंनी मला गोळी घेताना पाहिलं आणि विचारलं, "कसली गो?" माझ्याआधी आईच बोलली, "कॅल्शियमची." तेव्हापासून आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत माझी हाडं ठिसूळ आहेत. जिन्यात भेटलं की बायका मला नाचणी खायला सांगतात.

पण खरं कारण कंप नव्हतं, वजन नव्हतं आणि स्थळंही नव्हती. खरं कारण मी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. मला ती यार्डासमोर उभी राहिलेली मुलगी परत हवी होती. ती कुणाला घाबरत नव्हती. तिला सगळं सुचत होतं. तिच्या जागी आता एक जाडगेली, सरळमार्गी मुलगी कागदपत्रं तपासत बसली होती. तुमच्यापैकी ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना कळेल. बाकीच्यांना वाटतं, आम्ही हट्टी आहोत. हट्टी आहोतच, पण आम्हाला आठवणही येत असते.

आठ महिने झाल्यावर मी मनाशी म्हटलं, बरी झाले की मी, आता कशाला? हे वाक्य तुमच्या डोक्यात आलं तर ओळखून ठेवा. ते सगळ्यांच्या डोक्यात येतं. बरं वाटतंय ते गोळीमुळे, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी नको. मोठमोठी हुशार माणसं इथे आपटतात, मी कोण?

रोजची गोळी मी तोंडात धरायची आणि बाथरूममध्ये जाऊन पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. दिवाळीपर्यंत काहीच झालं नाही. मग एका सकाळी मला दात घासता येईनात. ब्रश हातात होता, पेस्ट लावलेली होती, आणि हात तोंडापर्यंत नेणं मला जमेना. तिथून पुढचे दोन महिने मी पलंगावर होते. आई माझे केस विंचरायची. खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम दिसायचं, तिचे मजले वाढत होते आणि मी तशीच होते. जगून काय करायचं, हा विचार रोज यायचा. तो मी मॅडमना सांगितला. तेवढं एक शहाणपण मी केलं. तुम्हाला तो विचार आला तर त्याच दिवशी सांगा, डॉक्टरांना नाही तर घरातल्या कुणाला तरी. ताटकळत ठेवायचा तो विचार नव्हे.

त्याच दिवसांत आईनं कपाट आवरताना तो पावडरचा डबा उचलला. रिकामा डबा खुळखुळला. झाकण काढून आईनं आत पाहिलं. मी पलंगावरून बघत होते. वाटलं, आता आरडाओरडा होईल. आईनं झाकण परत लावलं, डबा जागेवर ठेवला आणि ती देवासमोर जाऊन बसली. खूप वेळ बसली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

जानेवारीत रक्तात लिथियम नाही असं दिसल्यावर मॅडमनी ते पुन्हा सुरू केलं आणि मी हळूहळू उठले. या खेपेला गोळ्या घेत होते, पण पोलिसात हजेरी लावावी तशी. आईसमोर जीभ बाहेर काढून दाखवायची, की झालं.

त्याच महिन्यात आईनं वर्षभराचे सोमवार धरले. अळणी सोमवार. दिवसभर काही खायचं नाही आणि संध्याकाळी जेवायचं ते बिनमिठाचं. ती म्हणाली, गुडघ्यांसाठी. तिचे गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. बाबांनी मात्र विचारलं, "गुडघं वरीसभर दुखनार हायेत काय?" आई म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा."

ऑगस्टमध्ये श्रावण आला. आमच्याकडे पावसाळाभर सुकट, जवळा, सुके बोंबील यांवर घर चालतं, ते श्रावणात बंद. ही दरवर्षीचीच रीत. यंदा आईनं आणखी एक केलं. सोमवारपुरतं न थांबता अख्खा महिना अळणी धरला. आणि भांडं एकच. आमटी अळणी, भाजी अळणी, भात तर काय असतोच. ज्याला हवं त्यानं वरून मीठ घ्यावं. बाबा पहिल्याच दिवशी मिठाची बरणी ताटाशेजारी घेऊन बसले. मी घेतलं नाही.

का नाही? कारण कुठल्याशा व्हिडिओत मी पाहिलं होतं की मिठानं अंगात पाणी साठतं आणि चेहरा सुजतो. सप्टेंबरात एक स्थळ बघायला येणार होतं. म्हटलं, आयतीच संधी आहे, गालफडं उतरवून टाकू. शिवाय रोज संध्याकाळी बागेत तासभर भराभर चालायचे आणि घामानं निथळत घरी यायचे. आई माझ्या ताटाकडे बघायची, मी मीठ मागत नाही हे बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, कांद्यानं.

लिथियम लेव्हलची तपासणी जुलैत करायची होती. ती मी पुढे ढकलली होती. सगळं ठीक तर होतं!

तिसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली. पावसाळ्यात पोट बिघडतंच, म्हणून मी ओव्याचं पाणी प्यायले. मग जुलाब. मग हाताचा बारीक कंप मोठा झाला. ऑफिसात शिक्का मारायला गेले तर तो कागदावर न पडता शेजारच्या माणसाच्या बाहीवर पडला. बोलताना जीभ जड झाली. साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मनाली, काही घेतलंयस का?" ते दारूबद्दल विचारत होते हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. रिक्षातून उतरले तर पाय सरळ पडेनात. बिल्डिंगच्या गेटला धरून उभी राहिले. बाबांना वाटलं, अर्धांगवायू.

हॉस्पिटलात मॅडमनी मला दहा पावलं चालायला सांगितलं. चार पावलांतच त्या म्हणाल्या, "बस." लगेच रक्त पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा लेव्हल दोनच्या पुढे होती, जिथे माझी एकच्या आत असायला हवी. याला लिथियम टॉक्सिसिटी म्हणतात, म्हणजे औषध अंगात इतकं साठणं की त्याची बाधा व्हावी. गोळ्या तात्काळ बंद. ॲडमिट. हाताला सलाईन.

"जास्त गोळ्या घेतल्या होत्यास का? चुकून, किंवा मुद्दाम?" मॅडमनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गोळ्यांबद्दल खरं बोलत होते आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता. पेनकिलर घेतलीस का, ब्लड प्रेशरची कुठली गोळी घेतलीस का, असं सगळं विचारून झालं. मग त्या आईकडे वळल्या. "जेवण कसं चाललंय हिचं? मीठ कमी केलंय का?"

आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिच्या हातातली थर्मासची पिशवी खाली आली.

"मीठ?" ती म्हणाली. "मीठ तर महिनाभर घातलंच नाय."

मॅडमनी खुर्ची ओढली, आईला बसवलं आणि सांगितलं. लिथियम आणि मीठ दोन्ही किडनीतून बाहेर पडतात. अंगात मीठ कमी पडलं की किडनी ते धरून ठेवायला बघते, आणि त्या नादात लिथियमही धरून ठेवते. वर घाम, वर जुलाब. आत लिथियम साठत गेलं.

"हिचं अळणी कशासाठी होतं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमनाच सांगितलं. "मी नवस केला हुता. पोरगी गोळ्या टाकून देते, डब्यात भरून ठेवते. म्हनलं, देवा, तिला नेमानं गोळ्या घेऊ दे, मी वरीसभर सोमवार अळणी करीन. शिरावनात वाटलं, महिनाच करावा. आनि ही पन मीठ मागं ना. मला वाटलं, देवानंच हिला बुद्धी दिली, ही पन माज्यासंगं करते." मग आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "माज्या हातानं मी पोरीला..."

तुम्हाला वाटेल, मी आईच्या गळ्यात पडले. नाही. मी भडकले. जड जिभेनं जमेल तेवढं ओरडले. माझ्या गोळ्यांसाठी तू देवाशी बोललीस, पण माझ्याशी बोलली नाहीस! डबा सापडला तेव्हा मला एक शब्द विचारला असतास तर! आणि या गोळ्या विष आहेत, मी पहिल्यापासून सांगत होते, आता यापुढे एकही घेणार नाही! नर्स आली, तिनं आईला बाहेर नेलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले. खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी मला सुटल्यासारखंही वाटत होतं. इतके महिने जे कारण हवं होतं ते रिपोर्टसकट हातात आलं होतं.

पुढचे चार दिवस बाबा माझ्याजवळ होते. आई डबा पाठवायची, स्वतः यायची नाही. दुसऱ्या दिवशी बाबा सलाईनच्या बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचत होते. नर्सला त्यांनी विचारलं, "यात काय असतं हो?"

"मिठाचं पाणी, काका. सोडियम क्लोराइड."

बाबा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मी विचारलं, काय झालं?

"आजानं तुज्या जन्मभर पान्यातून मीठ काढलं," ते म्हणाले, "आनि नात बघ, पैसं देऊन मिठाचं पानी भरून घेते."

मलाही हसू आलं. ॲडमिट झाल्यापासून पहिल्यांदा.

मग बाबा बोलायला लागले. बाबा एरवी बोलत नाहीत, त्यामुळे मी ऐकलं. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात, ते एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवतात, उन्हानं ते घट्ट होत जातं. त्याला पाणी पिकणं म्हणतात. "कमी पिकलं तर मीठ धरत नाय," बाबा म्हणाले. "आनि जास्त पिकवलं तर कडू मीठ येतं. तोंडात धरवत नाय. आजा रोज सकाळी बोट बुडवून चाखायचा. एक दिस चुकवायचा नाय."

"एखाद्या वेळी कडू आलं तर?"

"आलं की. एका सालात आख्खी कोंडी कडू झाली. आजानं ते पानी सोडून दिलं आनि नवं घेतलं. आगर नाय सोडलं." मग चष्मा काढून म्हणाले, "तुजं चाखायचं ऱ्हायलं. तुजं ते रगात तपासायचं ना, तेच."

मॅडमनी चांगली अर्धा डझन वेळा समजावलेली गोष्ट मला त्या दिवशी कळली. गोळी विष नव्हती. मी जुलैत बोट बुडवून चाखलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. पाय सरळ पडत होते, जीभ सुटली होती. त्यांनी आधी कंपाबद्दल विचारलं, तहानेबद्दल विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं, डब्यात गोळ्या का टाकल्या तेही आणि यार्डातल्या त्या मुलीबद्दलही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती हुशारी तुझीच आहे, आजाराची नाही. आजार फक्त ब्रेक काढून घेतो." मग त्यांनी सांगितलं की दुसरी औषधं आहेत, त्यांचे फायदे-तोटे आहेत. किंवा लिथियमच कमी डोसनं, तपासण्या वेळेवर ठेवून, पुन्हा सुरू करता येईल, कारण मला त्याचा गुण आला होता. "ठरवायचं तू. इतके दिवस आम्हीच ठरवत होतो, तिथेच चुकलं बहुतेक."

मी एक दिवस मागून घेतला. तो दिवस सोपा नव्हता. गोळ्या बंद होत्या, हात स्थिर होता, कप वाजत नव्हता, आणि मनात तीच जुनी हाक होती, असंच राहू दे की. संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "आईला बोलवा."

आई आली ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "आत ये. मी गोळी घेणार आहे, पण जीभ दाखवणार नाही. आणि काय ठरवायचं ते आधी मला विचारायचं, देवाला नंतर."

"नको दाखवू," आई म्हणाली. मग म्हणाली, "पन नवस अर्धा हाय. त्याचं काय करू?"

ते मॅडमनाच विचारायचं ठरलं. मला वाटलं, मॅडम आता आईला शहाणपण शिकवतील. त्यांनी शांतपणे सांगितलं, "नवस तुमचा, तो तुम्ही पुरा करा. हिची आमटी वेगळी काढा आणि तिच्यात रोज सारखं मीठ घाला. कमी नको, आणि श्रावण सुटला म्हणून एकदम सुकटीवर तुटूनही पडायला देऊ नका. एकाएकी मीठ वाढलं तर औषध कमी पडतं. देवाला सांगा, डॉक्टरांनी असं सांगितलंय."

"देवाला म्हायीत आसंल," आई म्हणाली. "तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

तेव्हापासून आमच्या घरात दर सोमवारी दोन पातेली असतात. माझ्या फोनमध्ये तपासणीच्या तारखा आहेत. फ्रिजवर एक कागद लावलाय, त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय: उपास, उलट्या, जुलाब, पेनकिलर, कुणी सांगितलेलं कुठलंही पथ्य, आधी मॅडमना फोन. लिथियमवाल्यांनो, हे तुम्हीही लिहून घ्या. कंप अजून आहे, कमी झालाय. गालही आहेत. सप्टेंबरातलं स्थळ मीच पुढे ढकललं. येतील तेव्हा आजारासकट सांगू, पटलं तर बसतील. त्या यार्डाची कागदपत्रं रोज माझ्या हाताखालून जातात. ती मुलगी कधीकधी आठवते. आता तिला मी म्हणते, आज भरती नाही.

जानेवारीत आईचं वर्ष पुरं झालं. उद्यापनाला तिनं संध्याकाळी बिल्डिंगमधल्या पाच जणींना जेवायला बोलावलं, पाटीलकाकू अर्थातच त्यांत होत्या. वाढायला मी होते. सगळ्यांची जेवणं झाली, आई राहिली होती. मी माझी गोळी घ्यायला उठले. आता पट्ट्या जवळ्याच्या डब्यामागे नसतात, पाण्याच्या माठाशेजारी असतात.

पाटीलकाकू म्हणाल्या, "अजून चालू हाय का गो कॅल्शियम?"

मी आईकडे पाहिलं. खोटं बोलायची वेळ आली तर बोलायचं, असं मी ठरवलं होतं. तिचा सणाचा दिवस होता.

आई म्हणाली, "कॅल्शियम नाय ते. लिथियम हाय. माज्या मनीला मनाचा आजार हाय, बायपोलर म्हनतात. गोळ्या नेमानं घेते, आता बरी हाय." आणि ताट पुढे ओढत मला म्हणाली, "वाढ मला."

मग पाटीलकाकूंनी हळूच विचारलं, "कंच्या डॉक्टरकडं जाता?" त्यांच्या आवाजावरून मला कळलं, त्या स्वतःसाठी नाही, घरातल्या कुणासाठी तरी विचारतायत. आईनं त्यांना मॅडमचं नाव सांगितलं.

आपल्याकडे ताट वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतात. आईच्या ताटातली ती जागा वर्षभर सोमवारी मोकळी असायची. मी बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं. बोटं थोडी थरथरली, दोन-चार कण ताटाबाहेर पडले. आईनं ते बोटानं टिपून जिभेवर ठेवले.